दोक्कार बांधायचे दिवस

प्रिय नाईला,

प्रिय लिहिलंय, कारण पत्राची सुरुवात तशीच करायची असते. खाली जे वाचशील ते सगळंच काही प्रिय नाही, हे आधीच सांगून ठेवते. पत्र एकटीने वाच. मोन्सेफला दाखवू नकोस. माझा भाऊ असला तरी पुरुषमाणूस आहे. दोन बायकांमधलं काही कानावर आलं की लगेच मध्यस्थी करायला बसतो आणि होत्याचं नव्हतं करून ठेवतो.

परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "नाईलाने जूनमध्ये सुट्टी काढलीय. झाडावरचे दोक्कार तयार झाले की कळव, ती लगेच निघेल. आपल्या उम्मीला तेवढाच आनंद." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. पिठाने भरलेले हात तसेच घेऊन बराच वेळ परातीसमोर बसून राहिले. तुझ्याशी फोनवर बोलले असते तर "ये गं, कधी येतेस" असंच माझ्या तोंडून गेलं असतं, कारण तू "लल्ला वसीला" असं इतक्या गोड आवाजात म्हणतेस की माणसाला भांडताच येत नाही. कागदावर तुझा आवाज नाही, म्हणून पत्र. तुझ्या येण्याबद्दलच लिहायचंय, पण ते आधी लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, म्हणून ते शेवटी.

सरळच सांगते. तू या घरात आलीस त्या दिवसापासून मी तुझ्यावर जळते. तू म्हणशील, नणंद म्हटली की तेवढं चालायचंच. तसं नव्हे गं. तुझा गोरा रंग, तुझे शहरी कपडे, माझ्या भावाने तुझ्यामागे केलेली धावपळ, यातल्या कशाचंच मला काही वाटलं नाही. त्याला तू हवं तर बोटावर नाचव, मी टाळ्या वाजवीन. मला झोंबली ती एकच गोष्ट. आईने तुला बागेत घेतलं.

तुला त्या बागेचं फाटक कधी बंद दिसलंच नाही, म्हणून तुला कळायचं नाही. घरामागचा तो एवढासा तुकडा. चार अंजिरं, एक डाळिंब, लिंबू, पाटाच्या कडेने पुदिना, उन्हाळ्यात मिरच्या आणि टोमॅटो. पण गावात बाग म्हटलं की लोक आमच्या आईचं नाव घ्यायचे. वरच्या झऱ्याचं पाणी पाळीने यायचं. आमची पाळी आली की आई फावडं घेऊन आत शिरायची, ती संध्याकाळपर्यंत कुणाची नव्हती. लहानपणी एकदा मी पाटात पाय सोडून बसले तर म्हणाली, "वसीला, ऊठ तिथून. भट्टी बघ." ताबूनाची ती मातीची भट्टी तेव्हापासून माझ्या गळ्यात पडली. मी थोरली, भाकरी माझी. एकदा धीर करून म्हणाले, उम्मी, मला एक तरी रोप लावू दे. तर म्हणाली, "तुझा हात गरम आहे. लावलेलं जगायचं नाही." कुणाचा हात थंड, कुणाचा गरम, असं आमच्याकडे म्हणतातच. मी घड्यातल्या पाण्यात हात बुडवून, गार करून तिच्यापुढे धरायचे. ती हसायचीसुद्धा नाही. "भाकरी जळेल," एवढंच म्हणायची.

माझं लग्न झालं तेही दोन घरं पलीकडे. तेव्हापासून रोज सकाळी भाकरी फडक्यात गुंडाळून आणायची आणि फाटकावरून आईच्या हातात द्यायची. ती फडकं उघडून वास घ्यायची, मान हलवायची आणि परत झाडाकडे वळायची. माझ्या मुली मोठ्या झाल्या, सासरी गेल्या, माझे यजमान तैयब वारले, तरी हा क्रम काही मोडला नाही. मला वाटायचं, आई बागेत कुणालाच घेत नाही, तिचा स्वभावच तो. असं वाटण्यात एक समाधान होतं बघ. जे कुणालाच मिळत नाही ते आपल्याला मिळालं नाही तरी माणूस जेवतं, झोपतं.

आणि मग तू आलीस. ट्यूनिसची, तिसऱ्या मजल्यावरची. खिडकीतल्या डब्यात सब्जाचं एक रोप, एवढाच तुझा बागकामाचा अनुभव. मोन्सेफची बदली इकडे झाली म्हणून आलीस, नाहीतर तू कशाला आमचा डोंगर चढतेस. पहिल्याच जूनमध्ये आईने तुझ्यापुढे घमेलंभर दोक्कार ठेवले, गवताची दोरी दिली आणि म्हणाली, "हे तीन-तीन ओवून माळा कर, मी पाणी वळवून येते." तुला कुठे माहीत होतं की दोक्कार हे रानटी नर-अंजीर, खायच्या उपयोगाचं नाही. त्याच्या पोटात बारीक काळी चिलटं असतात, म्हणून त्याच्या माळा आपल्या अंजिराच्या फांद्यांना बांधायच्या. ती बाहेर पडून आपल्या झाडावरच्या कोवळ्या अंजिरांत शिरली, तरच ती अंजिरं धरतात, नाहीतर पिवळी पडून गळतात. तू काय केलंस? चिलटं बाहेर येताना पाहिलीस आणि चांगल्या घरच्या मुलीसारखी सगळं घमेलं नळाखाली धरलंस. तीन पाण्यांनी धुतलंस, स्वच्छ पंच्यावर कोरडं केलंस आणि फ्रिजमध्ये ठेवलंस. आई आली, "दोक्कार कुठायत?" तर तू म्हणालीस, "उम्मी, किडलेले होते. पण मी छान साफ केले."

मी तिथेच होते, भाकरी घेऊन. खरं सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता बघा. पाटात नुसते पाय सोडले तर मला उठवलं होतं, हिचं आता काय होतं ते बघू. आणि आई पाटाच्या कडेवर मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचा रुमाल डोक्यावरून मागे पडला. तिचे पांढरे केस दिसले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसणं थांबेना. मी माझ्या आईला असं हसताना जन्मात पाहिलं नव्हतं. मग तिने तुझा हात धरला, फ्रिजमधला एक दोक्कार फोडून तुला दाखवला आणि सगळं समजावून सांगितलं, पहिल्यापासून, मऊ आवाजात. शेजारच्या सालहाकडे दोक्कार मागायला ती स्वतः गेली आणि तिथेही हसत हसत सांगत बसली. सालहा मला आठवडाभर चिडवत होती, "तुमच्या सुनेने पाहुण्यांना आंघोळ घालून पाठवलं म्हणे." मी हसले. पोटात दुखत होतं, तरी हसले.

तिथून तुझी शिकवणी सुरू झाली. हिवाळ्यात फांदी कुठून छाटायची, छाटलेल्या जागी राख कशी चोपडायची, अंजिराचा पांढरा चीक हाताला लागू नये म्हणून आधी तेल कसं लावायचं. डाळिंबाच्या बुडाशी फुटलेले फुटवे काढायचे, लिंबाभोवतीचं आळं खोडाला टेकू द्यायचं नाही, मिरचीला दुपारचं पाणी घालायचं नाही. वाकवलेली फांदी मातीत दाबून तिचं नवं झाड करायचं. हे सगळं मला कसं माहीत? मी फाटकाशी उभी राहून ऐकायचे. भाकरी देऊन झाली तरी निघायचे नाही. फडकं घडी घालायला किती वेळ लावता येतो, हे मी त्या दिवसांत शिकले. तू गवताची टोपी घालून आईच्या मागे मागे, आणि आई बोलतेय, बोलतेय. मला वाटायचं, हिच्याकडे एवढे शब्द होते तर इतकी वर्षं ते कुठे ठेवले होते?

आणि तू तिला उम्मी म्हणायचीस. सासूलाही आमच्याकडे मानाने लल्लाच म्हणतात, तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. मीच सांगणार होते. पण आईला ते आवडत होतं, तोंडावरून दिसत होतं. सालहा एक दिवस विहिरीपाशी सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "वसीला, अभिनंदन गं. या वयात तुझ्या आईला मुलगी झाली." सगळ्या खिदळल्या. मी घरी आले आणि टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात मिरचीचं एक रोप लावलं. म्हटलं, बघूच. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. आठवड्यात ते मुळापासून कुजलं. मी डबा परसात उपडा केला आणि कुणाला बोलले नाही. हात गरम आहे म्हणतात ते खरंच असावं, असं त्या दिवशी वाटलं.

सगळ्यात जास्त लागलं ते पहिलं अंजीर. आपल्या घरचा रिवाज तुला ठाऊक आहे. ज्याने दोक्कार बांधले त्याने पहिलं पिकलेलं अंजीर खायचं, मग बाकीच्या घराने. आजी गेल्यापासून ते आईच खात आली होती. तुझ्या दुसऱ्या वर्षी दोक्कार तू बांधलेस, आई नुसती खाली उभी राहून बोटाने फांद्या दाखवत होती. ऑगस्टमध्ये पहिलं अंजीर पिकलं. बुडाशी मधाचा थेंब आलेला. आईने ते तोडलं आणि तुझ्या तळहातावर ठेवलं. तू वाईट नाहीस, हे मी कधीच म्हटलं नाही. तू ते अर्धं केलंस आणि धावत फाटकाशी मला द्यायला आलीस. मी म्हणाले, "मला नको, दाढ ठणकतेय." माझ्या बत्तीसच्या बत्तीस दाढा-दात आजही शाबूत आहेत, नाईला.

मग मोन्सेफची पुन्हा बदली झाली आणि तुम्ही स्फाक्सला गेलात. तुझी टोपी बागेच्या खोपटात खिळ्याला तशीच राहिली. मला वाटलं, आता तरी. पण आईचं हळूहळू विसरणं सुरू झालं. आधी मीठ दोनदा पडायला लागलं, मग पाण्याची पाळी हुकली, मग सालहाच्या घरात शिरून आपल्या घरातल्यासारखी कपाट उघडायला लागली. हे सगळं तुला मोन्सेफने सांगितलंय. हिवाळ्यात मी माझं घर बंद करून इथे राहायला आले, तेही तुला माहीत आहे. बेजा शहरातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आम्हाला सांगितलं की तिच्याशी वाद घालू नका. पुढचं मात्र तुम्हा दोघांनाही माहीत नाही.

फेब्रुवारीत एक दिवस आई बागेत उभी होती. मी शाल घेऊन मागून गेले. ऊन होतं म्हणून जाता जाता खिळ्यावरची तुझी टोपी डोक्यावर घातली होती, त्यात दुसरा काही विचार नव्हता. आईने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "नाईला, आलीस? कात्री आण, आज छाटायचंय." मी म्हणाले, "उम्मी, मी वसीला." तर भडकली. "वसीला भट्टीपाशी आहे. तिला इथे कशाला आणतेस?" मी पुन्हा सांगितलं. तिने हातातली काठी टाकली, आत गेली, आणि त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत त्याच जागी उभी. परत म्हणाली, "नाईला, कात्री." मी टोपी घातली आणि कात्री आणली.

तेव्हापासून बागेत मी तू आहे. लिहायला विचित्र वाटतं, पण असंच आहे. सकाळी मी भट्टी पेटवते, भाकरी करते. टोपी काढून, ओढणी डोक्यावर घेऊन, बाहेरून वळसा घालून फाटकाशी जाते. आई हाक मारतेच, "वसीला, भाकरी झाली का?" मी फाटकावरून भाकरी देते. ती वास घेते, मान हलवते, वळते. मग मी पळत घरातून मागच्या दाराने येते, टोपी घालते आणि बागेत शिरते. तेव्हा ती म्हणते, "ये बिन्ती, ये लेकी, कुठे होतीस इतका वेळ? तिसऱ्या मजल्यावरच्या राणीला उठायला उशीर झाला वाटतं." मी म्हणते, "हो उम्मी, उशीर झाला." या वयात माझी पळापळ बघून सालहा हसते. पण तिने अजून एकदाही टोमणा मारलेला नाही. उलट परवा म्हणाली, "फाटकाचं कुलूप काढून ठेवत जा, तुझा वळसा वाचेल." मी म्हणाले, वळसा वाचवायचा नाहीये.

मी शिकतेय, नाईला. खरोखर शिकतेय. आईला काल काय खाल्लं ते आठवत नाही, पण फांदी हातात आली की तिची बोटं चुकत नाहीत. तिने मला छाटणी शिकवली. लिंबाचं आळं करायला लावलं आणि मी खोडाला टेकवलं तर काठीने माझ्या पायावर हळूच मारलं. मिरच्या लावल्या. माझ्या हातून लावल्या आणि सगळ्या जगल्या. त्या दिवशी तिने माझा हात आपल्या हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाली, "तुझा हात थंड आहे, बरं झालं. वसीलेचा गरम आहे." आता मी यावर काय करावं सांग. आनंद मानावा तर तो तुझ्या नावावर. माझा हातसुद्धा तुझा झाला.

आणि ती तुझ्याशी माझ्याबद्दल बोलते. ते ऐकायला मी तयार नव्हते. आम्ही पुदिना खुडत होतो, मला काय बुद्धी झाली, मी विचारलं, "उम्मी, वसीलाला कधी बागेत घेतलं नाहीस?" ती खुडता खुडताच म्हणाली, "तिला झाड दिसतच नाही गं. तिला बागेत घेतलं की ती माझ्या तोंडाकडे बघत बसते. मी झाड दाखवायचं आणि तिने मला बघायचं. मग मलाही झाड दिसेनासं होतं." थोड्या वेळाने म्हणाली, "भाकरी मात्र तिचीच. दुसऱ्या कुणाची माझ्या घशाखाली उतरत नाही. पण तिला सांगू नकोस हं, चढून बसेल." मी म्हणाले, नाही सांगणार. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, टोपीमुळे तिला दिसलं नाही. आई म्हणाली ते खरंच आहे. त्या क्षणीही मी तिच्या तोंडाकडेच बघत होते, पुदिन्याबरोबर अर्धं गवत खुडून टोपलीत टाकत होते. पण मला त्या सगळ्याहून जास्त राग याचा आला की हे ती तुला सांगत होती. माझी भाकरी आवडते, हेसुद्धा माझ्या आईने तुला सांगितलं.

आता ईदच्या फोनचं सांगते. तुला आठवत असेल, मोन्सेफने फोन केला, मी आवाज मोठा करून आईसमोर धरला आणि तू म्हणालीस, "उम्मी, कशी आहेस?" आम्ही नुकत्याच बागेतून आलो होतो, टोपी माझ्या डोक्यावरच होती. आई म्हणाली, "नाईला..." आणि तू तिकडून रडवेली होऊन म्हणालीस, "ऐकलं का, मला ओळखलं तिने." मी तुला तसंच समजू दिलं. पण तू फोन ठेवल्यावर ती पुढचं बोलली, ते तुला ऐकू गेलं नाही. ती माझ्याकडे बघून विचारत होती, "नाईला, ही कोण बाई मला उम्मी म्हणतेय? आवाज तर तुझा आहे." मग तिने माझ्या डोक्यावरची टोपी काढली आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यानंतर दोन दिवस ती बागेत आली नाही. खाटेवर बसून भिंतीकडे बघत होती. फाटकावर भाकरी घेऊन गेले तर तिथे कुणी नाही. घरात नेऊन दिली तर खाल्ली नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. पाटात पाणी आल्याचा आवाज ऐकून ती उठली आणि म्हणाली, "नाईला, फावडं." मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू.

खाली उताराला आपलं दोक्कारचं झाड आहे ना, त्याची फळं यंदा भरपूर आहेत. आई रोज तिथे घेऊन जाते. अंगठ्याने एकेक दाबून बघते. "अजून बुडाचा डोळा मिटलेला आहे. घाई करायची नाही. डोळा किलकिला झाला, फळ हाताला पोकळ लागलं, की पहाटेच्या गारव्यात तोडायचे. ऊन चढलं की चिलटं उडून जातात, मग काय नुसती टरफलं बांधशील?" आणि मग हसते, तेच ते हसणं. "आणि धुवायचे नाहीत हं," म्हणते. मी पण हसते. तो विनोद माझा नाही, ती चूक मी केलेली नाही, तरी हसते. आपल्या झाडांवरची अंजिरं बोराएवढी झालीत. आईच्या हिशोबाने आणखी थोडे दिवस. दोरी मी भिजवून ठेवलीय. तिला हल्ली चार पावलांत धाप लागते, उतार चढून येताना मी तिला जवळजवळ उचलूनच आणते. पुढच्या जूनबद्दल मी स्वतःला काही विचारत नाही, तूही मला विचारू नकोस.

तेव्हा आता ते लिहिते. नाईला, जूनमध्ये येऊ नकोस. दोक्कार या वर्षी मला बांधायचेत. तू फाटकातून आत आलीस, तुझ्या आवाजात उम्मी म्हणालीस, की बागेत दोन नाईला होतील आणि त्यातली खोटी कोण हे आईला एका क्षणात कळेल. मग ती मला भट्टीकडे पाठवेल, किंवा परत भिंतीकडे तोंड करून बसेल. दोन्ही मला सोसायचं नाही. तू सहा वर्षं घेतलीस, मी एक उन्हाळा मागतेय. मोन्सेफला काहीही सांग. साहेबांनी सुट्टी नाकारली म्हण, पाय मुरगळला म्हण. ऑगस्टअखेरीला ये, खुशाल महिनाभर राहा. पहिलं अंजीर आई माझ्या तळहातावर ठेवेल, "घे नाईला" म्हणेल, आणि मी ते अख्खं खाईन. अर्धं घेऊन तुझ्याकडे धावत येणार नाही. तुझ्याइतकी मी चांगली नाही. दुसऱ्यापासून पुढची सगळी तुझी. आणि सुट्टी बदलता आली नाही, आलीसच, तरी दार लावून घेणार नाही, घर तुझंही आहे. फक्त खिळ्यावरच्या टोपीला हात लावू नकोस. सकाळी भट्टीपाशी थांब. आईने आतून हाक मारली, "वसीला, भाकरी झाली का?" की ओढणी डोक्यावर घे, काही न बोलता फाटकावरून भाकरी दे. ती वास घेईल, मान हलवेल आणि झाडाकडे वळेल. तू आत येऊ नकोस. तिथेच उभी राहा, फडकं घडी घालत.

तुझीच,
वसीला